कोपऱ्यांची दुरुस्ती

सकाळी ८.००

पैठणला नाथांच्या समाधी मंदिराकडे जाणारा रस्ता माझ्या दुकानाच्या आधी जागा होतो. गोदावरीवर जाऊन आलेले भाविक, फुलांच्या टोपल्या, संभाजीनगरहून आलेली पहिली एसटी हे सगळं सुरू झालेलं असतं. मी शटर उघडतो, टेबल ओल्या फडक्याने पुसतो, दिवा लावतो आणि ट्रे समोर घेतो. ग्राहक दहानंतर येतात. बारीक काम त्याआधीच उरकायचं, कारण तेव्हा नजर ताजी असते आणि हात स्थिर असतो.

आज गुरुवार. आठवडाभरात आलेली गोल नसलेली घड्याळं मी गुरुवारसाठी बाजूला ठेवतो. गोल घड्याळ दोन ग्राहकांच्या मधल्या वेळात उघडून बंद करता येतं. चौकोनी, लांबट, अंडाकृती किंवा कोन पाडलेलं घड्याळ तसं होऊ देत नाही. त्याला सलग वेळ लागतो आणि मधेच उठलं की माप चुकतं. आजच्या ट्रेमध्ये पाच आहेत: काच फुटलेलं एक आयताकृती, आत वाफ धरलेलं एक चौकोनी स्टीलचं, बायकांचं एक लहान अंडाकृती, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळतं असं एक, आणि एक जुनं एचएमटी कांचन.

सकाळी ८.३०

पहिलं काम काचेचं. गोल काच तयार मिळते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या फरकाने तिची मापं पाकिटांत येतात. केसचा व्यास मोजायचा, पाकीट काढायचं आणि काच यंत्रात दाबून बसवायची. दाब सगळ्या बाजूंनी सारखा येतो, म्हणून गोल काच स्वतःच्या ताणावरच घट्ट राहते. आयताकृती काचेला तो आधार नाही. बाजूंवर दाब दिला तर ती मधोमध उचलली जाते आणि कोपरे सैल पडतात. म्हणून ती चिकटवावी लागते, आणि चिकटवायची तर आधी अचूक मापाची करावी लागते.

केसमधल्या खाचेतले जुन्या गोंदाचे अवशेष मी लाकडी काडीने काढतो. लोखंडी टोक वापरलं तर खाचेला ओरखडा पडतो आणि पुढे तिथूनच पाणी शिरतं. मग कॅलिपरने लांबी आणि रुंदी प्रत्येकी तीन ठिकाणी मोजतो. जुन्या केसच्या समोरासमोरच्या बाजू क्वचितच सारख्या असतात. कुठे दाबलेली असते, कुठे पट्टा ओढून ओढून वाकलेली असते. कागदावर साचा काढायचा, तो काचेवर ठेवायचा, थोडी जास्त ठेवून कापायची आणि उरलेलं पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरवर घासत यायचं. आधी ४००, मग ८००, शेवटी १२००. कोपऱ्याची गोलाई सर्वांत शेवटी घ्यायची. ती जास्त घासली गेली तर अख्खी काच फुकट जाते, कारण बाजू वाढवता येत नाहीत.

काच बरोबर झाली की ती स्वतःच्या वजनाने खाचेत उतरते आणि हलवली तरी वाजत नाही. मग सुईच्या टोकाने कडेला गोंदाची बारीक रेघ ओढायची आणि अतिनील दिव्याखाली ठेवायचं. उन्हाळ्यात हे काम दारातल्या उन्हातही होतं. आता श्रावण आहे, आभाळ भरलेलं आहे, म्हणून दिवाच लागतो.

पुतण्या दीड वर्षापासून माझ्याकडे शिकतोय. आज मी त्याला दुसऱ्या बाजूची घासणी दिली. तो दोन-चार वेळा घासतो, खाचेत घालून बघतो, पुन्हा घासतो. मी त्याला घाई करू देत नाही. गोल काच बसवणं एका दुपारात शिकता येतं. ही काच शिकायला वर्ष जातं.

सकाळी १०.१५

पाचोडकडचे मामा आले. त्यांची मोसंबीची बाग आहे. बाजारात काम असलं की ते इकडे चक्कर टाकतात.

"राम राम. झालं का आमचं?"

"राम राम मामा, बसा. आज उघडायलोय."

"लग्नात सासऱ्यानं दिलेलं हाय ते. पोरगं म्हणतंय, टाकून द्या, नवं घेऊ. मी म्हणलं, आधी दाखवून तर येतो."

ते कांचन त्यांचंच. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. जनता, पायलट, सोना ही त्या घराण्याची नावं आजही लोकांच्या तोंडी आहेत, आणि ती बहुतेक गोल होती. कांचन वेगळं. त्याच्या केसला कोन पाडलेले, आत ऑटोमॅटिक मशीन, चावी द्यायची गरज नाही, वार आणि तारीख दोन्ही दिसतात. लग्नात जावयाला कांचन द्यायचं ही त्या काळात मोठी गोष्ट होती. मिळायला वेळ लागे आणि छापील किमतीपेक्षा जास्त देऊनही लोक ते घेत.

केंद्र सरकारने २०१६ च्या जानेवारीत एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करायला मंजुरी दिली. तेव्हापासून सुटे भाग जुन्या साठ्यातून किंवा मोडीत निघालेल्या घड्याळांतून येतात. मशीनची त्यात फार अडचण नाही, कारण कंपनी एकच मशीन अनेक मॉडेलांत वापरत असे. एखादं चाक दुसऱ्या एचएमटीतून काढून बसतं. केसचं तसं नाही. कांचनचा कोन फक्त कांचनचा आहे. ती केस गेली तर त्या घड्याळात उरतं ते कुठल्याही दुसऱ्या घड्याळासारखं मशीन.

मामांना मी तेच सांगितलं: मशीन चालू करून देतो, काच नवी करतो, पण सोन्याचा मुलामा पुन्हा चढवून चकचकीत करायला सांगू नका. मुलामा चढवण्याआधी केस घासावी लागते, आणि घासलं की कोनाची धार जाते. कडा झिजून आतलं पितळ दिसतंय ते राहू द्या.

मामा थोडं थांबले. "राहू द्या. इतकी वरसं हातात राहिलं, झिजणारच की."

सकाळी ११.३०

वाफ धरलेलं चौकोनी घड्याळ उघडलं. डायलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात गंजाचा तपकिरी डाग आहे. पाणी शिरलेलं चौकोनी घड्याळ मी आजवर ज्या ज्या वेळी उघडलं, त्यात सुरुवात बहुतेक कोपऱ्यातूनच झालेली दिसली. त्याचं कारण साधं आहे.

गोल घड्याळाचं मागचं झाकण आट्यांवर फिरवून बसवता येतं. झाकण जसं फिरत आत जातं तशी खालची रबर रिंग सगळीकडून सारखी दाबली जाते. चौकोनी झाकण फिरवता येत नाही. ते दाबून किंवा चार स्क्रूंनी बसवावं लागतं. त्यातली रबर रिंगही चौकोनी खाचेत बसवलेली असते, पण रबराला गोल व्हायचं असतं. ते कोपऱ्यातून आत ओढलं जातं आणि बाजूंच्या मध्यावर बाहेर फुगतं. कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली तरी पावसाळ्यातली दमट हवा आत जाते. रात्री गारवा आला की तीच हवा काचेच्या आत थेंब धरते.

जुन्या कारखान्यांनी यावर एक चांगला तोडगा काढला होता. रोलेक्सचं ऑयस्टर १९२६ साली आलं तेव्हा ते अष्टकोनी आणि गादीच्या आकाराच्या केसमध्येही मिळत असे. बाहेरचा आकार कोनांचा, पण झाकण मात्र गोल आणि आट्यांचं. बाहेरून चौकोनी दिसणारी अनेक चांगली घड्याळं आजही असंच करतात. खरीच चौकोनी आणि तरी पाणी न घेणारी ऑटोमॅटिक घड्याळाची केस १९६९ साली हॉयरच्या मोनॅकोने दाखवली, आणि तेव्हा ती मोठी गोष्ट मानली गेली.

आजच्या घड्याळाला कंपनीची रिंग मिळत नाही. मी सपाट रबराच्या पत्र्यातून रिंग कापतो, कोपऱ्यात सिलिकॉन ग्रीसचा बारीक थर देतो आणि चारही स्क्रू थोडे थोडे आवळतो. आधी एक, मग त्याच्या तिरप्या समोरचा, मग उरलेले दोन. एक स्क्रू एकदम आवळला तर समोरचा कोपरा उचलला जातो. पुतण्याला मी हे स्वतः करून बघायला लावतो, कारण हाताला कळल्याशिवाय ते डोक्यात राहत नाही.

ग्राहकाला मी लिहून देतो: धुणीभांडी, अंघोळ आणि पोहणं या वेळी घड्याळ काढून ठेवावं. नाथसागर जलाशय बघायला जाताना पाऊस आला तर खिशात टाकावं.

दुपारी १.००

पैठणी विणणाऱ्या एक ताई जेवणाच्या सुट्टीत आल्या. अंडाकृती घड्याळ त्यांचं. दोन महिन्यांपूर्वी सेल बदलला होता, तरी बंद पडलं.

आत मियोटाचं २०३५ मशीन निघालं. क्वार्ट्झमधलं हे जगभर सर्वांत जास्त वापरलं जाणारं मशीन असावं. गंमत अशी की ते स्वतःच गोल नाही, थोडं लांबट आहे. म्हणूनच ते बायकांच्या लहान घड्याळात बसतं, चौकोनीत बसतं आणि गोलमध्येही प्लॅस्टिकची कड लावून बसतं. बिघाड सेलमध्ये नव्हता. आधी कोणीतरी झाकण दाबताना चिमट्याचं टोक कॉइलला लागलेलं होतं. केसापेक्षा बारीक तार तुटली की मशीन बंद. अंडाकृती झाकण दाबताना ते एका बाजूने आधी बसतं आणि दुसरी बाजू जोर लावून बसवावी लागते. हात तिथेच घसरतो. अशा झाकणासाठी मी लाकडाचा अंडाकृती ठोकळा करून ठेवला आहे. त्याने दाब दोन्ही टोकांवर एकदम येतो.

ताई ठोकळा हातात घेऊन बघत होत्या. "दादा, आमच्याकडं मोराची मान गोल दिसते, पण माग सरळच चालतो. एकेका धाग्यानं पायरी पायरीनं वळवावं लागतं."

त्यांचं बोलणं मला नेमकं वाटलं. मागावर ताणा आणि बाणा दोन्ही सरळ आणि त्यातून गोलाई काढायची असते. आमच्याकडे काट्यांची चाल गोल आणि ती चौकटीत बसवायची असते. दोन्हीकडे उलट्या दिशेने तेच कष्ट. आणि दोन्ही ठिकाणी घाई केली की ती लगेच दिसते.

दुपारी २.००

डबा खाताना पुतण्याने विचारलं, "काका, एवढा त्रास आहे तर गोल सोडून दुसरी घड्याळं करतातच कशाला?"

त्याला मी आकारामागची कारणं सांगितली. खिशातलं घड्याळ गोल होतं, कारण खिशात कोपरे टोचतात आणि चाकंही गोलच असतात. ते मनगटावर आलं तेव्हा पट्टा जोडायला सरळ बाजू सोयीची ठरली. १९०४ साली लुई कार्तिएने ब्राझीलच्या सांतोस-द्युमाँ या वैमानिकासाठी चौकोनी मनगटी घड्याळ केलं. विमान चालवताना खिशातून घड्याळ काढणं जमत नव्हतं, ही त्याची अडचण होती. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, त्याच घराण्याने टँक आखलं. फ्रेंच रणगाडा वरून जसा दिसतो, दोन्ही बाजूंना पट्टे आणि मधे खोली, त्यावरून त्याच्या सरळ बाजू घेतल्या.

आणि एक आकार तर थेट भारतातल्या मैदानावरून गेला. १९३०-३१ च्या हिवाळ्यात इथे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत होत्या. त्यांनी सीझर द ट्रे या घड्याळ व्यापाऱ्याकडे तक्रार केली. त्यावर रेने-आल्फ्रेद शोवो या फ्रेंच अभियंत्याने उपाय शोधला आणि ४ मार्च १९३१ रोजी पेटंटचा अर्ज केला: घड्याळ आपल्या चौकटीत सरकवायचं आणि उलटं करायचं. काच आत जाते, पाठ बाहेर येते. तेच जेगर-लकूल्त्रचं रिव्हर्सो. ते आयताकृती असणं शोभेपुरतं नव्हतं. सरकायला समांतर बाजू लागतात. गोल घड्याळ असं सरकवून उलटवता येत नाही.

१९५७ साली हॅमिल्टनने व्हेंचुरा काढलं. बॅटरीवर चालणारं ते पहिलं विजेचं मनगटी घड्याळ. त्याचा आकार जवळपास त्रिकोणी होता, कारण आतलं यंत्र नवं आहे हे लांबूनच कळावं असं त्यांना वाटलं.

"म्हणजे प्रत्येक आकाराला कारण होतं," पुतण्या म्हणाला.

टिकलेल्या प्रत्येक आकाराला होतं. ज्यांना नव्हतं ती घड्याळं मोडीच्या टोपलीत येतात, आणि त्यांची काच करून द्या असं सांगायला कोणी येत नाही.

दुपारी ३.००

आता डायल. गोल घड्याळात डायल अर्धा अंश फिरली तरी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. चौकोनी घड्याळात डायलची कड आणि केसची कड एकमेकींच्या शेजारी धावतात. पाव मिलिमीटरचा तिरकेपणाही लगेच डोळ्यात येतो. म्हणून मशीन केसमध्ये बसवताना मी आधी वरची कड जुळवतो, मग उजवी, आणि मगच मशीन पक्कं करतो.

चौकोनी डायलचा हिशोब मी पुतण्याला कागदावर करून दाखवला. बाजू २० मिलिमीटर धरली तर मध्यापासून कड १० मिलिमीटर आणि कोपरा १४.१ मिलिमीटर. मिनिटकाटा जास्तीत जास्त १० मिलिमीटर लांब ठेवता येतो, नाहीतर तो कडेला घासेल. म्हणजे कोपऱ्यातल्या चार मिलिमीटरपर्यंत काटा कधीच पोचत नाही. क्षेत्रफळ काढलं तर डायलच्या पाचव्या भागाहून थोडी जास्त जागा काट्याविना राहते. कार्तिएचे रोमन अंक ती जागा भरतात. ते कोपऱ्याकडे तिरपे आणि लांब होत जातात.

मिनिटांच्या रेघाही सारख्या अंतरावर नसतात. काटा दर मिनिटाला ६ अंश फिरतो, पण सरळ कडेवर त्याची सावली सारखी पुढे सरकत नाही. वरच्या कडेवर बारापासून पहिली रेघ साधारण १.०५ मिलिमीटरवर येते. सहाव्या आणि सातव्या मिनिटातलं अंतर मात्र १.७४ मिलिमीटर होतं. कोपऱ्याजवळचं मिनिट मधल्या मिनिटाच्या दीडपटीहून लांब. स्वस्त नकली डायल ओळखायची ही सोपी खूण आहे. तिथे रेघा चौकटीभोवती सारख्या अंतरावर छापलेल्या असतात आणि चार-पाच मिनिटांपाशी काटा रेघ सोडून बसतो.

फुगीर घड्याळाची डायल नीट होती, पण काटे सरळ आणि काच वाकलेली. मिनिटकाट्याचं टोक बाराजवळ काचेला टेकत होतं. चिमट्याने काट्याचं टोक किंचित खाली घेतलं आणि बारा तास फिरवून बघितलं. काटे एकमेकांना कुठेही शिवत नाहीत.

सायंकाळी ५.००

कॉलेजची मुलं येतात. एकाचं कॅसिओ एफ-९१डब्ल्यू, सेल बदलायचा. केस आयताकृती, मागे चार स्क्रू, आत सीआर२०१६ सेल. काम दहा मिनिटांचं, पण इथेही रबर रिंग नीट बसवूनच झाकण लावायचं. दुसऱ्याच्या हातात चौकोनी स्मार्टवॉच आहे.

२०१५ साली ॲपलचं घड्याळ आलं तेव्हापासून पडदा असलेली बरीच घड्याळं चौकोनी होत गेली, कारण अक्षरांच्या ओळी गोलात तुटतात. आज पैठणच्या रस्त्यावर तरुणांच्या मनगटांवर चौकोन पुष्कळ दिसतात. मला त्याचा आनंद आहे. फक्त त्या घड्याळांची काच आणि पडदा एकत्र चिकटवलेले असतात. काच फुटली की पूर्ण पडदा बदलावा लागतो, आणि अनेकदा नवं घेणं स्वस्त पडतं. त्या मुलाला मी कडेने उचललेलं कव्हर लावायला सांगितलं. चौकोनी पडदा पडला की आधी कोपऱ्यावर आदळतो.

सायंकाळी ६.३०

कांचन जोडायला घेतलं. मशीन सकाळीच धुऊन तेल देऊन ठेवलं होतं, दुपारभर नीट चाललं. नवी काच घासून बसवली. केसचा कोन मी फक्त मऊ ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने स्वच्छ केला. कोनातल्या खाचेत साचलेला मळ निघाला आणि कडेची मूळ धार पुन्हा दिसू लागली. मुलामा कडांवर गेलेला आहे, सपाट भागावर टिकलेला आहे. हे घड्याळ किती वर्षं वापरलं गेलं ते त्यातून सरळ वाचता येतं, आणि ते पुसायचा मला हक्क नाही.

हातात हलवलं की आतलं वजन फिरतं आणि कमान भरते. वार आणि तारीख रात्री बाराला बदलतात का ते काटे फिरवून बघितलं. उद्यापर्यंत ते टेबलावर वेगवेगळ्या बाजूंवर ठेवीन आणि किती पुढे-मागे जातं ते पाहीन. मामा सोमवारी नेतील.

रात्री ८.३०

दुकान बंद करायच्या आधी वहीत लिहिलं: चार घड्याळं झाली. मामांचं उद्याच्या तपासणीला ठेवलं. अंडाकृतीची नवी कॉइल लावली. फुगीर घड्याळाचा पट्टा उद्या येईल.

पुतण्याने आज काचेची अख्खी बाजू स्वतः घासून बसवली. पुढच्या गुरुवारी रबर रिंग कापायला त्यालाच देईन. सुटे भाग मिळणं दिवसेंदिवस कमी होणार आहे. काच आणि रिंग हाताने करता येणारा माणूस गावात असला तरच ही घड्याळं चालू राहतील.

तुमच्या घरात कपाटाच्या खणात, लग्नाच्या दागिन्यांच्या डब्यात किंवा आजोबांच्या पेटीत असं एखादं चौकोनी, अंडाकृती किंवा कोन पाडलेलं घड्याळ असेल तर तीन गोष्टी करा. काच फुटलेली असेल तर तिचे तुकडे फेकू नका, कागदात बांधून घड्याळासोबत द्या, त्यावरून मूळ जाडी आणि उतार कळतो. केस घासून नवी करून मागू नका, कारण कोन एकदा गेला की तो परत आणता येत नाही. आणि सेल संपलेलं क्वार्ट्झ घड्याळ तसंच ठेवू नका, सेल गळून मशीन खातो. आजच काढून घ्या. मग जवळच्या कारागिराकडे जा आणि त्याला एक पूर्ण दिवस द्या.